भिंतीतून सुटलेले तुकडे

नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबर छाटणीनंतर कामांचा जो रगाडा सुरू होतो, त्यातलं एक काम नवख्या माणसाला गमतीचं वाटेल. मांडवाखाली बायामाणसं हातात मग घेऊन ओळीओळीने फिरतात आणि एकेक घड मगातल्या पाण्यात बुडवून सोडून देतात. या कामाला डिपिंग म्हणतात आणि पाण्यात जे मिसळलेलं असतं त्याला नुसतं जीए. जिबरेलिक ॲसिड हे पूर्ण नाव फारसं कुणी घेत नाही. प्रमाण पीपीएममध्ये बोललं जातं: दहा, वीस, फार तर चाळीस. चाळीस पीपीएम म्हणजे लिटरभर पाण्यात ४० मिलिग्रॅम. एवढ्यावर घडाचा सांगाडा लांबतो, आणि नंतरच्या डिपिंगमध्ये मणी लांबट होऊन फुगतो. थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका अशा जातींत बी अर्ध्यावरच खुरटतं. ते नीट वाढलं असतं तर हे संप्रेरक मण्याला घरच्या घरी मिळालं असतं. ते मिळत नाही, म्हणून मगातून द्यावं लागतं.

हे ४० मिलिग्रॅम मण्याचं अन्न नव्हे. मणी ज्याने भरतो ते पाणी आणि ती साखर वेलीकडूनच येते. फुगायला मण्याची पेशी मुळातच उतावीळ असते. तिला आवळून धरलेलं असतं ते तिच्याभोवतीच्या भिंतीने, म्हणजे पेशीभित्तिकेने, आणि संप्रेरकाची सगळी खटपट शेवटी या भिंतीपाशी येऊन थांबते. इथवरची गोष्ट वनस्पतिशास्त्राच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडते. तिचा पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. सैल होताना भिंतीतून जे बारीक तुकडे सुटतात, ते सगळेच निव्वळ कचरा नसतात. त्यांतले काही पेशीची वाढ रोखतात, काही तिला वेग देतात, आणि काही तर संप्रेरकाच्या कामातच मोडता घालतात.

आधी भिंत आणि तिच्यावरचा भार पाहू. वनस्पतीच्या पेशीत क्षार, शर्करा, आम्लं असं बरंच काही विरघळलेलं असतं, त्यामुळे बाहेरचं पाणी आत शिरत राहतं. भिंत नसती तर पेशी फुटली असती. भिंत असल्यामुळे आत दाब तयार होतो आणि तो साधारणपणे ३ ते १० वातावरणांइतका असतो. मोटारीच्या टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन वातावरणं हवा भरतो. टायरचं रबर चांगलं जाडजूड असतं, तर वाढत्या पेशीची भिंत एका मायक्रोमीटरपेक्षाही पातळ. साधा हिशेब करून पाहू. पेशीचा व्यास ५० मायक्रोमीटर, भिंतीची जाडी अर्धा मायक्रोमीटर आणि आतला दाब ५ वातावरणं धरली, तर भिंतीच्या द्रव्याला झेलावा लागणारा ताण दाबाच्या पन्नासपट निघतो, म्हणजे २५० वातावरणं. कोथिंबिरीच्या कोवळ्या देठातली प्रत्येक पेशी असा ताण दिवसरात्र सोसत असते. जुडी सुकली की ती मान टाकते, कारण पाणी गेलं की हा दाब उतरतो.

अशा स्थितीत वाढायचं तर पेशीला बळ लावावं लागत नाही, ते आधीच लागलेलं असतं. भिंतीने थोडं सैल व्हायचं, की पाणी आत येतं आणि पेशी लांबते. मधली मोठी रिक्तिका पाण्याने भरत जाते आणि पेशीद्रव्याचा पातळ थर कडेला रेटला जातो. कोंबातली पेशी अशा रीतीने मूळ आकारमानाच्या दहापट, कधी शंभरपटही होते. प्राण्यांच्या मानाने हा वाढीचा फार स्वस्त मार्ग आहे. महागडी प्रथिनं थोडी आणि फुकटचं पाणी भरपूर. पण स्वस्ताईत धोकाही आहे. भिंत गरजेपेक्षा जास्त सैल झाली तर पेशी फुटेल आणि अजिबात झाली नाही तर वाढ खुंटेल. त्यामुळे सैल किती, कुठे आणि किती वेळ, हे ठरवणं हेच वनस्पतीच्या वाढीचं मर्म आहे.

भिंतीत मुख्यतः तीन प्रकारची बहुशर्करा असते. सेल्युलोजचे सूक्ष्मतंतू जेमतेम ३ नॅनोमीटर जाडीचे असतात, पण ओढायला गेलं तर कमालीचे चिवट. त्यांना चिकटून, कुठे दोन तंतूंच्या मध्ये अडकून झायलोग्लुकॅन असतं. उरलेल्या जागेत पेक्टिन असतं, जे पेरूची जेली धरून ठेवतं तेच. सूक्ष्मतंतू कोणत्या दिशेने गुंडाळले आहेत, त्यावर पेशीचा आकार ठरतो. लाकडी पिंपाला जशा आडव्या लोखंडी पट्ट्या मारलेल्या असतात, तसे हे तंतू लांबणाऱ्या पेशीला आडवे वेढलेले असतात. म्हणून ती जाड होऊ शकत नाही, लांब मात्र होते. पॉल ग्रीन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६२ साली नायटेला नावाच्या शैवालाच्या लांबलचक पेशींना कोल्चिसीन दिलं, तेव्हा तंतूंची शिस्त मोडली आणि पेशी नळीसारखी लांबायची सोडून फुगायला लागली. पेशी विभागताना गुणसूत्रं ओढणारे जे धागे कोल्चिसीनने विरघळतात, तशाच प्रथिनांचं काहीतरी भिंतीच्या आतल्या बाजूला असून ते तंतूंना दिशा देत असणार, असं ग्रीनने मांडलं. वनस्पतीच्या पेशीत असं काही तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. पुढच्याच वर्षी हार्वर्डमध्ये लेडबेटर आणि पोर्टर यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या सूक्ष्मनलिका पेशीच्या कडेला रांगेने दिसल्या. न पाहिलेली गोष्ट तर्काने नेमक्या जागी बसवण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण जीवशास्त्रात विरळाच. सेल्युलोज विणणारी यंत्रणा सूक्ष्मनलिकांच्या वाटेने सरकताना प्रत्यक्ष दिसायला मात्र २००६ साल उजाडावं लागलं.

आता संप्रेरकं. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये दाखवलं, की गवताच्या कोवळ्या कोंबाला प्रकाश जाणवतो तो टोकाशी, पण कोंब वाकतो तो खाली. म्हणजे टोकाकडून खाली काहीतरी निरोप जातो. हॉलंडमधल्या उट्रेख्टला फ्रिट्स वेंट या तरुणाने १९२६ साली ओटच्या कोंबाची टोकं कापून अगरच्या तुकड्यांवर ठेवली. मग नुसते ते अगरचे तुकडे बिनटोकाच्या कोंबांवर एका बाजूला बसवले, आणि कोंब वाकले. टोकातून अगरमध्ये उतरलेल्या त्या पदार्थाला पुढे ऑक्सिन हे नाव मिळालं. उट्रेख्टच्याच कोग्ल यांच्या प्रयोगशाळेने १९३४ मध्ये इंडोल ॲसेटिक आम्ल वेगळं काढलं, तेही झाडातून नव्हे तर माणसाच्या मूत्रातून, कारण तिथे ते भरपूर होतं. ऑक्सिन म्हणून आज आपण मुख्यतः ज्याला ओळखतो ते हेच.

जिबरेलिनचा जन्म याहून मजेदार आहे. भाताला एक रोग होतो, ज्यात रोपं फिकट पडून वेड्यासारखी उंच वाढतात आणि शेवटी लोळतात. जपानी शेतकरी त्याला बकाने म्हणजे वेडं रोप म्हणत. तैवानमध्ये काम करणाऱ्या कुरोसावा यांनी १९२६ साली दाखवलं, की हा रोग आणणाऱ्या बुरशीने सोडलेलं पाणी दिलं तरी रोप तसंच वाढतं, बुरशी असलीच पाहिजे असं नाही. १९३८ मध्ये त्यातल्या द्रव्याचे स्फटिक मिळाले. द्राक्षाच्या मगात आज जे असतं ते या घराण्यातलं, आणि कारखान्यात ते अजूनही बुरशी वाढवूनच काढतात. हरितक्रांतीतल्या बुटक्या गव्हाची गोष्ट हीच, पण उलट्या दिशेने. त्या गव्हातलं एक प्रथिन बिघडलेलं होतं. जिबरेलिन आलं तरी ते हटायचं नाही आणि वाढीला धरलेला लगाम सोडायचं नाही. म्हणून ताट आखूड राहिलं आणि ओंबीच्या भाराने लोळलं नाही. हे जनुक १९९९ मध्ये हाती लागलं. तोवर तो गहू खाऊन जगाची तीन दशकं झाली होती.

ऑक्सिन भिंत सैल कशी करतं? कोंबाचा तुकडा ऑक्सिनच्या द्रावणात टाकला, तर साधारण दहा-बारा मिनिटांत त्याची वाढ वेग घेते. १९७० मध्ये रेल आणि क्लीलँड यांनी आणि १९७१ मध्ये जर्मनीत हागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सरळ उत्तर मांडलं. ऑक्सिनमुळे पेशी बाहेरच्या बाजूला प्रोटॉन सोडते, भिंत आम्लधर्मी होते आणि आम्लात ती सैल पडते. पुरावाही सोपा होता. ऑक्सिन न देता नुसतं सौम्य आम्ल दिलं तरी कोंब लांबायचा. पण आम्लाने भिंतीतलं नेमकं काय हलतं? पेनसिल्व्हानिया स्टेट विद्यापीठात डॅनिएल कॉसग्रोव्ह यांच्या गटाने काकडीच्या कोंबांच्या मेलेल्या भिंती चिमट्यात धरून ताणल्या. आम्ल दिलं की त्या हळूहळू लांबायच्या. उकळून काढल्या की लांबायच्या थांबायच्या. उकळलेल्या भिंतींवर ताज्या भिंतींतून काढलेलं प्रथिन घातलं की पुन्हा लांबायच्या. १९९२ मध्ये ओळखल्या गेलेल्या त्या प्रथिनाला पुढे एक्सपान्सिन हे नाव मिळालं. त्याचं वैशिष्ट्य असं, की ते भिंतीतलं काहीच कापत नाही. तंतूंना चिकटलेल्या साखळ्या ते नुसत्या सोडवतं, आणि मग ताण आपलं काम करतो. मेलेल्या पेशीची भिंतसुद्धा वाढते, ही गोष्ट मला आजही या सगळ्या इतिहासातली सर्वांत विलक्षण वाटते.

प्रोटॉन बाहेर सोडणाऱ्या पंपाची साखळी आता बरीच स्पष्ट झाली आहे. ऑक्सिनमुळे तयार होणारी लहान प्रथिनं पंप बंद करणाऱ्या विकरांना अडवतात, हे २०१४ मध्ये कळलं. पेशीपटलावरचा टीएमके हा ग्राही थेट पंपालाच चालना देतो, हे २०२१ मध्ये. असंही दिसलं आहे, की मुळाच्या पेशींत ऑक्सिनने भिंत उलट अल्कधर्मी होते आणि वाढ थांबते. शाळेच्या पुस्तकातल्या तक्त्यात ऑक्सिनसमोर 'लांबी वाढवते' एवढंच लिहिलेलं असतं. कोणती पेशी, कोणती भिंत आणि किती मात्रा, हे सांगितल्याशिवाय त्या ओळीला अर्थ नाही.

आणि इथे तुकडे कथेत येतात. आम्ल आणि एक्सपान्सिनखेरीज भिंतीत कापणारी विकरंही असतात. १९७४ मध्येच लाबाविच आणि रे यांनी दाखवलं होतं, की वाटाण्याच्या खोडाला ऑक्सिन दिलं की पंधराएक मिनिटांत काही झायलोग्लुकॅन भिंतीतून सुटून पाण्यात उतरतं. सुटलेल्या या मालाचं पुढे काय होतं?

हा प्रश्न सर्वांत चिकाटीने धरला तो अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठाच्या पीटर अल्बर्शाइम यांनी. सायकॅमोर झाडाच्या पेशी द्रवात वाढवून, त्यांच्या भिंती विकरांनी तुकडे तुकडे करून त्यांची रचना वाचण्याचं काम त्यांचा गट १९७०च्या दशकापासून करत होता. १९७३ मध्ये त्यांनी संपूर्ण पेशीभित्तिकेचा पहिला रेणूंपर्यंतचा आराखडा मांडला. त्यातलं बरंच पुढे चुकीचं ठरलं, पण भिंत म्हणजे नुसता सेल्युलोजचा पुठ्ठा नव्हे, हे त्याने सर्वांच्या मनात ठसवलं. याच काळात वनस्पतीच्या रोगांवर काम करणाऱ्यांना वेगळीच गोष्ट जाणवत होती. बुरशीच्या भिंतीचे लहान तुकडे सोयाबीनला दिले, तर बुरशी नसतानाही सोयाबीन बुरशीनाशक द्रव्यं बनवू लागतं. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या क्लॅरेन्स रायन यांना टोमॅटोत त्याची दुसरी बाजू दिसली. किड्याने पान कुरतडलं की दूरच्या पानांतही किड्याचं पचन बिघडवणारी प्रथिनं तयार होतात, आणि पानातून काढलेले पेक्टिनचे तुकडे हीच प्रतिक्रिया घडवून आणू शकतात. म्हणजे शत्रूच्या भिंतीचे तुकडे आणि स्वतःच्या मोडलेल्या भिंतीचे तुकडे, दोन्ही वनस्पतीला ओळखता येत होते. अशा कामाच्या तुकड्यांना अल्बर्शाइम यांच्या गटाने ऑलिगोसॅकरिन हे नाव दिलं.

याच गटाचा १९८४ मधला एक प्रयोग या पार्श्वभूमीवर झाला. अंधारात वाढवलेल्या वाटाण्याच्या कोंबांचे छोटे तुकडे घेतले. त्यांना २,४-डी दिलं, म्हणजे आपल्याकडे तणनाशक म्हणून फवारतात तेच. ते कृत्रिम ऑक्सिन आहे, आणि थोड्या मात्रेत कोंबाला लांबवतं. सोबत झायलोग्लुकॅनचा एक तुकडा घातला. तो नऊ शर्करांचा होता: चार ग्लुकोज, तीन झायलोज, एक गॅलॅक्टोज आणि एक फ्यूकोज. २,४-डीने होणारी जास्तीची वाढ त्याने बरीच दाबून टाकली. मात्रा ऐकण्यासारखी आहे. लिटरमध्ये सुमारे १४ मायक्रोग्रॅम, म्हणजे हजार लिटरच्या टाकीत १४ मिलिग्रॅम, तांदळाच्या एका दाण्याहूनही कमी. ऑक्सिन स्वतः याच्या कितीतरी पट जास्त लागतं. तोच तुकडा गॅलॅक्टोज आणि फ्यूकोज नसलेला, सात शर्करांचा घेतला तर काहीच घडत नव्हतं. आणि मात्रा खूप वाढवली तर दाबण्याचा परिणाम नाहीसा व्हायचा.

या निकालातून एक देखणी कल्पना पुढे आली. ऑक्सिनमुळे भिंत कापली जाते, त्यातून तुकडा सुटतो आणि तोच ऑक्सिनचा हात धरतो. वाढ स्वतःचा ब्रेक स्वतःच तयार करते. वाटाण्याच्या कोंबातच या तुकड्यावरचं फ्यूकोज छाटून त्याला निकामी करणारं विकरही पुढे सापडलं, म्हणजे ब्रेक सोडण्याचीही सोय होती. ऑलिगोसॅकरिन हा वनस्पती संप्रेरकांचा नवा वर्ग आहे, असं त्या काळी उत्साहाने लिहिलं जाऊ लागलं.

मग एडिंबरो विद्यापीठात स्टीफन फ्राय आणि गॉर्डन मॅकडूगल यांनी पाहिलं, की याच घराण्यातले तुकडे जास्त मात्रेत उलटं काम करतात. १९९० च्या त्यांच्या प्रयोगात झायलोग्लुकॅनचे तुकडे ऑक्सिन न देताही वाटाण्याच्या कोंबाला लांबवत होते. परिणाम सर्वांत जास्त असायचा तो साधारण वरच्या मात्रेच्या शंभरपट मात्रेला. आणि यात सर्वांत कसदार ठरलेल्यांपैकी एक तुकडाही नऊ शर्करांचाच होता. फरक एवढाच, की त्यात फ्यूकोजच्या जागी दुसरं गॅलॅक्टोज होतं.

हा दुसरा नऊ शर्करांचा तुकडा आपल्याकडे पोत्यांनी मिळेल, कारण तो चिंचोक्यात असतो. चिंचेच्या बीच्या दलांत झायलोग्लुकॅन साठवलेलं असतं आणि त्यावर फ्यूकोज नसतं. बी रुजताना विकरं ते कापून कोंबाला साखर पुरवतात. घोंगडी विणणारे पिढ्यान्पिढ्या जी चिंचोक्याची खळ लावत आले, कापड गिरण्यांतही सुताला जी चिंचोक्याची खळ दिली जाते, ती बहुतांशी झायलोग्लुकॅनच. ती सुताला इतकी घट्ट का बसते, तेही यातच आहे. कापूस म्हणजे सेल्युलोज आणि झायलोग्लुकॅनला सेल्युलोजला बिलगायची मूळचीच सवय. वनस्पतीच्या भिंतीत ते जे करतं तेच मागावर करतं. जगभरच्या प्रयोगशाळांना झायलोग्लुकॅन हवं असलं की त्याही चिंचोक्याचंच मागवतात.

कमी मात्रेत वाढ रोखणारा आणि जास्त मात्रेत वाढवणारा, असा दुहेरी स्वभाव एकाच घराण्याचा कसा? इथे पुढचं काम फार उपयोगी पडलं. १९९२ मध्ये एडिंबरोत फ्राय आणि जपानमध्ये निशितानी यांनी स्वतंत्रपणे असं विकर शोधलं, जे झायलोग्लुकॅनची लांब साखळी कापतं आणि तिचं टोक मोकळं न सोडता दुसऱ्या साखळीला जोडून देतं. भिंत न तुटता पुन्हा बांधली जाते ती अशा विकरांमुळे. आता समजा त्या जागी बाहेरून पुष्कळ छोटे तुकडे आले, तर कापलेलं टोक लांब साखळीऐवजी छोट्या तुकड्याला जोडलं जाईल आणि तो बंध कायमचा सुटेल. भिंत सैल होईल. जपानमधल्या हायाशी यांच्या गटाने २००२ मध्ये हे नीट तपासलं. वाटाण्याच्या खोडाला लांब झायलोग्लुकॅन दिलं तर ते भिंतीत गोवलं जाऊन वाढ दबली, आणि सात शर्करांचा छोटा तुकडा दिला तर वाढ वेगाने झाली.

मला वाटतं, या दोन गोष्टी एकाच पोत्यात भरल्यामुळे बरीच वर्षं गोंधळ झाला. जास्त मात्रेतला तुकडा कुठलाही निरोप देत नाही. तो भिंतीच्या दुरुस्तीत कच्चा माल म्हणून शिरतो आणि दुरुस्ती बिघडवतो. हजार लिटरला १४ मिलिग्रॅम एवढ्याने वाढ दाबणारा तुकडा असं करू शकणार नाही, तो कुणीतरी ओळखूनच घेतला पाहिजे. पण वाढीबाबत त्याला ओळखणारा सर्वमान्य ग्राही चाळीस वर्षांत पुढे आलेला नाही, आणि म्हणून संप्रेरकांच्या यादीत त्याचं नाव चढलं नाही. हे बरंच झालं. दुकानात कुठल्याही शर्कराखंडाच्या बाटलीवर वाढवर्धक असं छापलेलं दिसलं, की कोणता तुकडा आणि किती मात्रा, हे दोन प्रश्न विचारावेत. एका फ्यूकोजने आणि शंभरपट फरकाने उत्तर उलटं होतं.

झायलोग्लुकॅनला आणखी एक धक्का बसायचा होता. तंतूंना बांधून ठेवणारी मुख्य दोरी तीच, असं सगळे मानत होते. २००८ मध्ये अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या झाडाची अशी रोपं तयार झाली, ज्यांच्यात झायलोग्लुकॅन जवळपास नव्हतंच. ती कोसळायला हवी होती. ती थोडी लहान राहिली, मुळावरचे केस आखूड झाले, बाकी झाड ठीकठाक. २०१२ मध्ये कॉसग्रोव्ह आणि पार्क यांनी निरनिराळी विकरं भिंतींवर सोडून पाहिली. नुसतं झायलोग्लुकॅन कापणाऱ्याने भिंत सैल झाली नाही आणि नुसतं सेल्युलोज कापणाऱ्यानेही नाही. दोन्ही कापणाऱ्यानेच ती लांबली. म्हणजे जिथे सेल्युलोजचे तंतू एकमेकांना अगदी खेटून आहेत आणि मध्ये थोडंसं झायलोग्लुकॅन अडकलेलं आहे, अशा मोजक्या सांध्यांवर भिंतीची सगळी घट्टी अवलंबून आहे. भिंतीतल्या एकूण झायलोग्लुकॅनचा एक टक्काही त्यात नसतो. एक्सपान्सिन बहुधा तिथेच काम करतं.

पेक्टिनच्या तुकड्यांची कहाणी मात्र अधिक ठाम पायावर उभी आहे. पेक्टिनमधली गॅलॅक्टुरॉनिक आम्लाची साखळी कापली गेली की दहा ते पंधरा घटकांचे तुकडे सर्वांत प्रभावी असतात. याहून फार लहान झाले की त्यांचा बराचसा प्रभाव जातो. कारण कॅल्शियम मध्ये धरून दोन साखळ्या जवळ येतात, आणि त्यासाठी ठरावीक लांबी लागते. रोगकारक बुरशी पानात शिरताना पेक्टिन कापते, तेव्हा हे तुकडे सुटतात आणि झाड सावध होतं. १९८८ मध्ये इटलीत दिसलं, की हेच तुकडे वाटाण्याच्या खोडावर ऑक्सिनच्या विरोधात काम करतात. त्याआधी १९८५ मध्ये अल्बर्शाइम यांचा गट आणि फ्रान्समधल्या त्रान थान व्हान यांनी तंबाखूच्या फुलांच्या देठाचे पातळ पापुद्रे वाढवले होते. भिंतीचे तुकडे घालून आणि ऑक्सिन आणि सायटोकायनिन या दोन संप्रेरकांची मात्रा बदलून त्यांनी एकाच ऊतीतून कधी मुळं, कधी कोंब, तर कधी फुलं काढली. ऑक्सिन आणि सायटोकायनिनच्या प्रमाणावर मूळ की कोंब हे ठरतं, हे १९५७ पासून माहीत होतं. पण भिंतीचा तुकडा या तराजूत हात घालू शकतो, हे नवं होतं.

रोगाशी लढताना वाढ कमी करावी लागते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. करपा किंवा भुरी आली की वेल अडून बसते, हे तो दरवर्षी पाहतो. त्यामागे असंख्य कारणं असतात, पण पेक्टिनचे तुकडे हा त्यातला एक सरळ दुवा आहे. भिंत शत्रूने कापलेली असेल तर वाढीसाठी तिला आणखी सैल करणं मूर्खपणाचं. ऑक्सिनचा आदेश त्या क्षणी ऐकू न येण्यातच शहाणपण. रोममधल्या द लोरेंझो आणि चेर्वोने यांच्या गटाने २०१५ मध्ये यावर जरा क्रूर वाटेल असा प्रयोग केला. बुरशीचं पेक्टिन कापणारं विकर आणि त्याला आवरणारं वनस्पतीचं प्रथिन एकत्र जोडून त्यांनी ते अरॅबिडॉप्सिसमध्ये घातलं आणि हवं तेव्हा चालू होईल अशी सोय केली. ते चालू केलं की झाडाच्या स्वतःच्या भिंतीतून तुकडे सुटायचे. थोडा वेळ चालू ठेवलं तर झाड रोगांना जास्त तोंड देऊ लागलं. बराच काळ चालू ठेवलं तर वाढ खुंटली आणि शेवटी झाड मेलं, तेही एकाही जंतूशिवाय.

मग निसर्गात झाडं आपल्याच तुकड्यांनी का मरत नाहीत? त्याच गटाने २०१८ मध्ये अरॅबिडॉप्सिसमध्ये अशी विकरं शोधली, जी या तुकड्यांच्या टोकावरच्या शर्करेचं ऑक्सिडीकरण करतात. तसा तुकडा मग झाडाला फारसा चेतवत नाही. शिवाय बोट्रायटिस, म्हणजे द्राक्षावर करडी बुरशी आणणारी तीच, असे तुकडे नीट पचवू शकत नाही. ज्या झाडांत हे विकर मुद्दाम वाढवलं, त्यांनी या बुरशीला फारशी दाद दिली नाही.